बातमीपत्रातली सांकेतिक भाषेची खिडकी : केवढी, कुठे आणि कशी?

गोदातीर
आमच्या जिल्ह्याच्या केबल वाहिनीवर रोज संध्याकाळी साडेसातला पंधरा मिनिटांचं बातमीपत्र असतं. दिवाळीपासून ते भारतीय सांकेतिक भाषेसह द्यायचं ठरलं आहे. दोन दुभाषी ताई मिळाल्या आहेत, दोघींचीही दुभाषाची दोन वर्षांची पदविका झालेली आहे. त्यांचं काम त्यांना येतं. अडचण आहे ती आमच्या बाजूची, म्हणजे पीसीआरची (प्रक्षेपण नियंत्रण कक्षाची).

सामग्री अशी : छोटा स्टुडिओ, तीन कॅमेरे, व्हीमिक्स (कॅमेरे आणि ग्राफिक्स एकत्र करणारं सॉफ्टवेअर), १०८०आय ५० मध्ये (एचडी, सेकंदाला ५० अर्धी चित्रं) आउटपुट, पुढे हेडएंडला, म्हणजे केबलवाल्याच्या केंद्रावर, त्याचं एसडी (कमी तपशिलाचं चित्र) होतं. ग्राफिक्सवाल्या मुलाने उजव्या कोपऱ्यात दुभाषीसाठी गोल खिडकी करून दाखवली. उंची पडद्याच्या पाव. दिसते छान, पण वाचता येईल का? टिकर (सरकती ओळ), ब्रेकिंगची पट्टी आणि एल-बँड (एल अक्षराच्या आकाराची) जाहिरात यांचं काय करायचं? हिरवा पडदा लावायचा की साधा? संहिता दुभाषींच्या हातात किती आधी पडायला हवी?

आणखी एक. संपादकांचं म्हणणं आहे की खाली मराठी मथळे (बोललेलं लिहून) दिले तर खिडकीची गरजच काय. यावरही मतं हवीत.

निळा_पडदा
खिडकीचा हिशोब करून बघा. ३२ इंची टीव्हीच्या पडद्याची उंची साधारण ४० सेंटिमीटर. खिडकी पाव उंचीची, म्हणजे १० सेंटिमीटर. दुभाषी डोक्यापासून कमरेखालपर्यंत दिसायला हवी, त्या चौकटीत डोकं येतं पाचव्या हिश्शाएवढं. म्हणजे चेहरा २ सेंटिमीटरचा, आणि बघणारा बसलाय आठ फुटांवर. एसडीमध्ये एकूण ५७६ ओळी असतात. त्यातल्या १४४ खिडकीला आणि २९ चेहऱ्याला. या २९ ओळींत भुवया वर गेल्या की नाही हे कळणं शक्य नाही.

पडद्याच्या क्षेत्रफळाचा सहावा हिस्सा तरी खिडकीला द्या. एचडीमध्ये ६४० बाय ५४०. चेहरा लगेच दुप्पट होतो.

चिंचपोकळीकर
गोल तर अजिबात नको. चौकोनात बसवलेलं वर्तुळ सुमारे २१ टक्के जागा खातं, आणि खातं ती नेमकी चार कोपऱ्यांतली, जिथे कोपरं आणि पसरलेले हात जातात.

ओवी
भुवयांचा मुद्दा निळा_पडदा यांनी काढलाच आहे, तो संपादकांपर्यंत पोचवा. सांकेतिक भाषेत चेहरा हा व्याकरणाचा भाग आहे. "पाणी आलं." आणि "पाणी आलं?" या दोन्हींत हात तेच. हो-नाहीचा प्रश्न असेल तर भुवया वर जातात आणि डोकं किंचित पुढे येतं. "पाऊस झाला तर धरणाचे दरवाजे उघडतील" यातला "तर" भुवयांवर असतो. चेहरा दिसला नाही तर ज्याची नुसती शक्यता आहे ते घडून गेल्यासारखं वाचलं जातं. पुराच्या दिवसांत ही चूक किती महागात पडेल याचा विचार करा.

आता मथळ्यांबद्दल. भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे हातांनी केलेली मराठी नाही. तिची वाक्यरचना स्वतःची आहे. काळ आधी येतो, नकार आणि "काय, कुठे, कोण" हे वाक्याच्या शेवटी. "मुख्यमंत्री उद्या पुण्यात येणार नाहीत" हे वाक्य ढोबळमानाने "उद्या, पुणे, मुख्यमंत्री, येणं, नाही" असं होतं आणि नकारासोबत मान हलते. ज्यांची पहिली भाषा ही आहे त्यांच्यासाठी लिखित मराठी ही दुसरी भाषा आहे. तीही बहुतेकांना अशा शाळांमधून मिळालेली, जिथे वर्षानुवर्षं भर ओठ वाचण्यावर आणि उच्चारावर राहिला, वाचनावर नाही. दोन सेकंद दिसणारा जोडाक्षरांचा मथळा त्यांच्यासाठी पुरेसा नाही.

अडकित्ता
ओवी, हे बरोबर आहे, पण अर्धंच. कर्णबधिर प्रेक्षक म्हणजे एकच गट नव्हे. साठीनंतर कान गेलेल्या आजोबांना सांकेतिक भाषेचं एक अक्षर येत नाही, त्यांना मराठी मथळेच हवेत. कायद्यातही ७० डेसिबलची हानी म्हणजे बधिर आणि ६० ते ७० म्हणजे कमी ऐकू येणारे, असे दोन गट वेगळे धरले आहेत. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर मथळ्यांचा फायदा जास्त लोकांना होतो, हे संपादकांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही.

ओवी
अडकित्ता, आजोबांसाठी मथळे हवेतच, ते नाकारत नाही. पण आजोबांना वर्तमानपत्र वाचता येतं. सांकेतिक भाषेत वाढलेल्या मुलीला तिच्या भाषेतली स्थानिक बातमी दुसरीकडे कुठेच मिळत नाही. इथे नुसती डोकी मोजून चालणार नाही.

शून्यप्रहर
कायद्यात नेमकी याच वादाची जागा आहे, म्हणून लिहितो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६. कलम २९ मध्ये दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांसाठी सांकेतिक भाषा "किंवा" उपशीर्षकं असं म्हटलंय. कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमांसाठी श्राव्य वर्णन, सांकेतिक भाषा "आणि" मथळे. एकाच कायद्यात दोन वेगळी उभयान्वयी अव्ययं!

माहिती व प्रसारण मंत्रालयाने ११ सप्टेंबर २०१९ ला मानकं काढली. वृत्तवाहिन्यांनी रोज किमान एक बातमीपत्र आणि इतर वाहिन्यांनी आठवड्याला किमान एक कार्यक्रम सुगम (कर्णबधिरांना समजेल असा) करायचा, आणि टप्प्याटप्प्याने २०२५ पर्यंत निम्म्या कार्यक्रमांपर्यंत जायचं. मथळे की सांकेतिक भाषा, ही निवड मात्र वाहिनीवर सोडली. थेट क्रीडाप्रक्षेपण, वादचर्चा, रिअॅलिटी शो यांना सूट दिली, आणि सरासरी एक टक्क्याहून कमी प्रेक्षक असलेल्या वाहिन्यांनाही. ही निवड मोकळी ठेवल्यामुळेच खिडकी मागे पडते, असं माझं स्पष्ट मत आहे. मथळ्यांचं काम सॉफ्टवेअरवर ढकलता येतं, दुभाषीला रोज बोलवावं लागतं.

८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात या कायद्याच्या नियमांतला नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला. सुगमतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाहीत, किमान अटी बंधनकारक करा, असं सांगितलं. त्यामुळे "आम्हाला सूट आहे" म्हणत बसण्यापेक्षा गोदातीर यांची वाहिनी आपणहून करते आहे, याचं मोल मोठं आहे.

माणदेशी
तक्रार कुठे करायची तेही सांगा कुणीतरी.

शून्यप्रहर
@माणदेशी, आधी वाहिनीला लेखी. कार्यक्रम, तारीख, वेळ आणि पडद्याचा फोटो जोडायचा. "खिडकी लहान आहे" असं मोघम लिहू नका. "सातच्या बातमीपत्रात ७:०६ ते ७:०९ पट्टीखाली हात झाकले गेले" असं लिहा. दाद लागली नाही तर देशभर दिसणाऱ्या वाहिनीसाठी दिल्लीचे मुख्य दिव्यांगजन आयुक्त, राज्याच्या अखत्यारीतल्या गोष्टींसाठी पुण्याचं राज्य आयुक्तालय. कलम ८९ खाली पहिल्या उल्लंघनाला १० हजारांपर्यंत दंड आहे, पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजार ते ५ लाख.

थेम्सकाठी
निळा_पडदा यांनी सांगितलेला सहावा हिस्सा हे ब्रिटनमधलं जुनं माप आहे. तिथल्या मार्गदर्शनात दुभाषी सहसा पडद्याच्या उजवीकडे आणि चित्राच्या सहाव्या हिश्शाहून लहान नको, असं आहे. पण तिथल्या दोन गोष्टी आपण उचलू नयेत. एक म्हणजे सांकेतिक भाषेतले कार्यक्रम रात्री उशिरा लावायचे आणि प्रेक्षकाने ते रेकॉर्ड करून बघायचे. तुमची साडेसातची वेळ सोडू नका. दुसरी म्हणजे त्यांच्या खुणा. भारतीय सांकेतिक भाषेतली दोन हातांची इंग्रजी वर्णमाला ब्रिटिश वळणाची आहे, स्वर पाच बोटांच्या टोकांवर असतात, हे खरं. पण शब्दांच्या खुणा आणि व्याकरण वेगळं. तिथले व्हिडिओ बघून ग्राफिक्समध्ये खुणांची चित्रं टाकू नका.

पडवीत
मांडणीबद्दल. खिडकी चित्रावर चिकटवूच नका, चित्रच लहान करा. कार्यक्रम ७५ टक्क्यांवर आणून डावीकडे वर लावायचा, १४४० बाय ८१०. उजवीकडे ४८० बाय ८१० चा उभा रकाना उरतो. तो पडद्याचा १८.७५ टक्के होतो, म्हणजे सहाव्या हिश्शाहून जास्तच. खाली २७० ओळींची आडवी पट्टी राहते, त्यात टिकर, ब्रेकिंग, जाहिरात सगळं. काहीच एकमेकांवर येत नाही.

निळा_पडदा
पडवीत, कल्पना उत्तम, पण ४८० ची रुंदी अपुरी आहे. सांकेतिक भाषेत उंचीपेक्षा रुंदी लागते. कोपरं पसरली की माणूस साधारण एक मीटर जागा घेतो. ४८० पिक्सेलमध्ये एक मीटर बसवला तर २२ सेंटिमीटरचं डोकं १०६ पिक्सेलचं होतं. त्यात घराघरातले जुने टीव्ही कडेचं चित्र कापतात. उजवीकडचे पाच टक्के, म्हणजे ९६ पिक्सेल, हिशोबात धरायचेच नाहीत. मग उरले ३८४.

कार्यक्रम दोनतृतीयांश करा, १२८० बाय ७२०. रकाना ६४० बाय ७२०, खालची पट्टी ३६० ची. कड सोडूनही ५४४ पिक्सेल हाती राहतात.

पडवीत
कड कापली जाते हे माझ्या लक्षात नव्हतं. मान्य, ६४० च घ्या.

सुपारीबाग
म्हणजे निवेदिका लहान होणार. बाकीच्या प्रेक्षकांनी कुरकुर केली तर?

पडवीत
जिल्ह्याच्या बातम्यांत निवेदिकेच्या चेहऱ्यात नवं काय असतं? खड्डा, मोर्चा, बाजारभाव हे १२८० मध्ये व्यवस्थित दिसतं. बाजारभावाचा तक्ता तेवढा मोठ्या अक्षरांत करा, एका वेळी चारच ओळी.

फिरकी_तांब्या
आता कॅमेऱ्याकडे या, कारण खिडकी मोठी केली तरी हात फराटे झाले तर उपयोग नाही.

शटर १/५० सेकंदावर असेल आणि हात सेकंदाला एक मीटर सरकला, तर एका फील्डमध्ये (एका अर्ध्या चित्रात) तो दोन सेंटिमीटर फासला जातो. बोटाची जाडीच दीड-पावणेदोन. बोटांनी अक्षरं दाखवताना तर सगळी खीर होते. दुभाषीच्या कॅमेऱ्याला १/१०० ठेवा. प्रकाश दुप्पट लागेल. दोन मऊ दिवे ४५ अंशांवर, डोळ्यांच्या पातळीच्या थोडे वर, आणि समोरून खालच्या बाजूने एक मंद दिवा, म्हणजे हातांची सावली चेहऱ्यावर आणि छातीवर पडत नाही. १/५० आणि १/१०० दोन्ही आपल्या ५० हर्ट्झच्या विजेला जुळतात. १/१२० ठेवलंत तर स्वस्त एलईडी लुकलुकतील.

साखळीत कुठेही ५०आयचं २५पी (सेकंदाला २५ च पूर्ण चित्रं) होऊ देऊ नका. यूट्यूबसाठी काढलेली फाइलच प्रक्षेपणाला लावली की हेच होतं आणि निम्मी हालचाल गळते.

हिरवा पडदा नको. हलत्या बोटांच्या कडा अर्धपारदर्शक होतात आणि हिरवा रंग गाळणारं सॉफ्टवेअर त्या खाऊन टाकतं. फासलेला हात मनगटापर्यंत गायब होतो. मागे मळखाऊ निळा किंवा राखाडी, चमक नसलेला कापड-पडदा लावा, दुभाषी त्यापासून पाच फूट पुढे.

आणि हेडएंडवाल्याशी बोला. सगळ्या वाहिन्यांनी वाटून घेतलेल्या बिटरेटमध्ये (दर सेकंदाच्या डेटामध्ये) स्थानिक वाहिनीला उरलंसुरलं मिळतं. किमान दर बांधून घ्या. सरकता टिकर हा बिट खाणारा राक्षस आहे, हातांच्या वाट्याचे बिट तोच पळवतो. त्याऐवजी एक ओळ सहा सेकंद स्थिर, मग दुसरी, असं करा.

माणदेशी
खीर! अगदी बरोबर शब्द.

केवडा
कपडे. त्वचेच्या रंगाहून वेगळा, एकरंगी, पाऊणबाहीचा कुर्ता. चौकडी, पट्टे, जरीचे काठ नकोत, एसडीत ते वळवळतात. बांगड्या, मोठी घड्याळं, लकाकणारं नखपॉलिश नको, नजर तिकडेच जाते. पाडव्याच्या विशेष बातमीपत्रात सगळ्यांनी नटायचं ठरेल तेव्हा नथीचा आग्रह धरू नका. नथ वरच्या ओठावर येते आणि तोंडाच्या हालचालीतून दिली जाणारी माहिती झाकते. गजरा खुशाल माळावा, तो कशाच्याच आड येत नाही.

चिंचपोकळीकर
गजऱ्याला आमची मंजुरी. :)

वाफाळ
संहितेविषयी. अंतिम प्रत निदान एक तास आधी, आणि विशेषनामांची यादी वेगळी. गावाच्या नावाची रूढ खूण नसेल तर ते बोटांनी अक्षर अक्षर करून दाखवावं लागतं. अक्कलकुवा म्हटलं की इंग्रजी लिपीत नऊ अक्षरं. निवेदिका एका दमात तीन तालुके वाचून पुढे गेली की दुभाषी मागे राहते. त्या वेळी गावांची नावं पडद्यावरही लिहून द्या, म्हणजे तिला एकदा बोट दाखवून पुढे जाता येतं.

आकड्यांचं मराठीत वेगळंच असतं. पावणेदोनशे, साडेअकरा हजार, सव्वा लाख. ऐकता ऐकता त्यांचं १७५, ११,५०० आणि १,२५,००० करावं लागतं आणि तेवढ्यात पुढचं वाक्य येतं. दुभाषीच्या प्रतीत आकडे आधीच अंकांत लिहा.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे बाइट, लोकांच्या बोलण्याचे चित्रित तुकडे. निवेदन लिहिलेलं असतं, पण शेतकऱ्याचा अहिराणीतला बाइट कुणीच उतरवून देत नाही. बाइटचा मजकूर नसेल तर निदान दोन ओळींत आशय तरी द्या. आणि बाइट सुरू झाला की खिडकी काढून टाकायची, ही चूक अनेक ठिकाणी होते. टेम्प्लेट बदललं की खिडकीचा थर जातो. व्हीमिक्समध्ये ती मल्टिव्ह्यूचा (एकत्र मांडणीचा) भाग करू नका, वेगळ्या ओव्हरले चॅनलवर (सगळ्यांच्या वरच्या थरावर) ठेवा, म्हणजे मागे काहीही बदललं तरी ती राहते.

फिरकी_तांब्या
वाफाळ यांच्या मुद्द्याला जोडून : दुभाषीच्या कानात स्वच्छ प्रोग्राम आवाज द्या, टॉकबॅक (नियंत्रण कक्षातल्या सूचना) नाही. "कॅमेरा दोन, तयार" हे ऐकत कुणी भाषांतर करू शकत नाही. व्हीमिक्समधून वेगळी ऑडिओ बस (आवाजाची वेगळी वाट) काढून द्या. तिचा मॉनिटर लेन्सच्या बरोबर खाली हवा. बाजूला ठेवला तर नजर सतत कडेला जाते, आणि या भाषेत नजर कुठे आहे यालाही अर्थ असतो.

वाफाळ
हो, आणि दुभाषी नेहमी दोन-चार सेकंद मागे असणार. पूर्ण वाक्य ऐकल्याशिवाय ते उलगडता येत नाही. म्हणून शेवटच्या शब्दावर जाहिरातीला कट मारू नका. ब्रेकआधी चार सेकंद चित्र धरा, दोन बातम्यांमध्येही एक श्वास सोडा. पंधरा मिनिटांना एक दुभाषी पुरते. निवडणूक निकालासारखं लांबलं तर दर वीस मिनिटांनी अदलाबदल, कारण त्यानंतर चुका वाढतात आणि त्या स्वतःला कळत नाहीत.

सुपारीबाग
दुभाषीऐवजी संगणकाचा अवतार का नको? संहिता टाकली की तोच खुणा करेल. रोज दोन माणसं लागणार नाहीत.

ओवी
शब्दाला खूण जोडत जाणारा अवतार मराठीच्या क्रमानेच हात हलवतो. वर सांगितलेलं व्याकरण, म्हणजे भुवया, मान, नजर, जागेचा वापर, त्यात येत नाही. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या शब्दकोशात २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत १०,००० संज्ञा आल्या, ते काम मोलाचं आहे. पण शब्दकोशातून वाक्य होत नाही. रेल्वेच्या ठरावीक घोषणेसारख्या मजकुराला आधी चित्रित केलेले माणसाचे तुकडे चालतील. बातमीला नाही.

कट्टा_क्र_७
उलट मी म्हणेन की दुभाषीही दुसरी निवड आहे. पहिली निवड कर्णबधिर निवेदक. ज्याची ती पहिली भाषा आहे त्याच्या हातांतली सहजता ऐकू येणाऱ्याला क्वचितच साधते. करायची पद्धत अशी : संहिता पाचला तयार, कर्णबधिर निवेदक आणि दुभाषी मिळून तिचं सांकेतिक भाषेत रूपांतर करतात, मुद्दे प्रॉम्प्टरवर त्या भाषेच्या क्रमाने लावतात, सातला ध्वनिचित्रमुद्रण. आयत्या वेळची बातमी आली तर ऐकू येणारी दुभाषी कॅमेऱ्याशेजारी उभी राहून ती खुणांनी पुरवते आणि निवेदक ती पडद्यावर मांडतो. दूरदर्शनवर १९८७ मध्ये कर्णबधिरांसाठी साप्ताहिक बातमीपत्र सुरू झालं, पण जिल्हा पातळीवर असं काही दिसत नाही.

वाफाळ
@कट्टा_क्र_७, रोजच्या थेट बातमीपत्राला एवढा वेळ मिळणार नाही. रविवारच्या आठवडा-आढाव्याला ही पद्धत अगदी योग्य, आणि दुभाषींनाही त्यातून शिकायला मिळेल.

दर्यावर्दी
गोव्यातून विचारतो. कोंकणी बातमीपत्राला वेगळी दुभाषी लागेल ना?

ओवी
सांकेतिक भाषा तीच. दुभाषीला ऐकताना कोंकणी समजली पाहिजे, एवढंच. मात्र काही खुणा राज्याराज्यांत, कधी दोन शाळांतही वेगळ्या असतात. वार, रंग, गावं यांत हा फरक जास्त दिसतो. तुमच्या प्रेक्षकांतल्या पाचसहा जणांना विचारून स्थानिक खुणांची छोटी चित्रफीत-यादी करून ठेवा. गोदातीर, तुम्हीसुद्धा. आणि पहिल्या दिवसापासून "मूकबधिरांसाठी बातम्या" असं नाव देऊ नका. ही माणसं मुकी नाहीत, त्यांना भाषा आहे. "कर्णबधिर" म्हणा, किंवा सरळ "सांकेतिक भाषेत बातम्या".

गोदातीर
सगळ्यांचे आभार. संपादकांना ओवींचा "तर" वाचून दाखवला आणि मथळे विरुद्ध खिडकी हा वाद तिथेच मिटला. आता असं ठरलंय : कार्यक्रम १२८० बाय ७२०, उजवीकडे ६४० चा रकाना, खाली स्थिर ओळींची पट्टी. एल-बँड जाहिरातीचा उभा पाय काढला, आडवी पट्टीच विकायची. निळा कापड-पडदा, शटर १/१००. मुख्य बातम्यांचे मथळे खालच्या पट्टीत, अडकित्ता यांच्या आजोबांसाठी. प्रत साडेसहाला दुभाषींकडे. रविवारसाठी कर्णबधिर निवेदक शोधतो आहोत.

अडकित्ता
आजोबांतर्फे धन्यवाद. अक्षरं मोठी ठेवा, आणि एका ओळीत सहासात शब्दांहून जास्त नको.

निळा_पडदा
दोन गोष्टी राहिल्या. वाहिनीचं बोधचिन्ह आणि घड्याळ उजवीकडे वर असतं, ते डावीकडे न्या, नाहीतर ते दुभाषीच्या डोक्यावर बसेल. आणि मोबाइलसाठी उभी क्लिप कापताना सॉफ्टवेअर मधला भाग घेतं, त्यात उजवा रकाना जातो. उभ्या क्लिपसाठी वेगळं टेम्प्लेट करा : वरच्या अर्ध्यात बातमी, खालच्या अर्ध्यात दुभाषी.

वाफाळ
दिवाळीआधी चाचणी घ्या, आणि ती स्टुडिओच्या मोठ्या मॉनिटरवर नको. हेडएंडवरून फिरून आलेलं चित्र, साधा ३२ इंची टीव्ही, आठ फूट अंतर, समोर चार-पाच कर्णबधिर प्रेक्षक. "दिसतंय का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. बातमीनंतर विचारा : कुठल्या तालुक्यात, किती वाजेपर्यंत, पाणी सोडलं की सोडणार आहेत? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर चेहरा अजून लहान आहे.